तीन माइक, एक ओळ

घरातील एका व्यक्तीचे एक गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे, ही बाब प्रथमदर्शनी किरकोळ स्वरूपाची होती. गाणं होतं, गाणारी होती, आणि घरातल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंग करणारा फोन होता. तरीही हे काम तडीस गेलं नाही, याचं सगळं श्रेय तक्तेसाहेबांना द्यावं लागेल.

तक्तेसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात त्यांनी हयात घालवली होती, आणि टाचणीपासून जनरेटरपर्यंत कुठलीही वस्तू तीन दरपत्रकं आणि एक तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय त्यांच्या टेबलावरून पुढे सरकली नव्हती. एकदा कार्यालयात आग लागली, तेव्हा आग विझवायला कुठलं नळकांडं वापरावं याची त्यांनी तुलना मागवली, असं त्यांचे सहकारी सांगत. ही निव्वळ बदनामी होती. आग लहान होती आणि तुलना दोनच नळकांड्यांची होती.

त्यांची बायको गायची. दर शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात हौशी गाणाऱ्यांचा एक गट जमे. तिथे तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनींचा आवाज वर चढायला लागला की मागच्या रांगेत फोन चाळणारी माणसंसुद्धा सरळ होऊन बसत. तक्तेसाहेबांचं त्या आवाजावर मनापासून प्रेम होतं. हे इथेच स्पष्टपणे नमूद केलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात प्रेमाची कमतरता कुठेच नव्हती. उलट प्रेम जरा कमी असतं तर काम फोनवर भागलं असतं.

झालं असं की वहिनींच्या गळ्यात एक गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी सगळे अहवाल पाहून सांगितलं, "गाठ साधी आहे, घाबरू नका. पण आवाजाची नस तिला अगदी लागून जाते. ऑपरेशननंतर बोलाल, भांडाल, सगळं कराल. गाण्याचं मात्र मी लिहून देणार नाही."

"लिहून नाही देणार, म्हणजे तोंडी काही सांगता का?" तक्तेसाहेबांनी विचारलं.

"तोंडी एवढंच सांगते, की जे काय गायचंय ते आधी गाऊन घ्या."

त्या दिवशी मुलीचा फोन आला. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहत होती. "बाबा, आजीचं ते पायरीवरचं गाणं आईकडून रेकॉर्ड करून घ्या. आत्ताच्या आत्ता. फोनवर घ्या आणि मला पाठवा."

हे गाणं वहिनींच्या आईचं होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, कुठे छापलेलं नव्हतं, आणि वहिनींशिवाय आता ते कुणालाही पूर्ण येत नव्हतं. 'पायरीवर ऊन आलं, तू अजून नीज गं' अशी सुरुवात, मग चार कडवी, आणि शेवटच्या कडव्यात सूर असा काही वर जाई की मुलगी लहानपणी झोपायच्या ऐवजी तिथे हमखास डोळे उघडायची.

"फोनवर?" तक्तेसाहेब म्हणाले. "अगं, आईचा आवाज म्हणजे काय किराणा सामानाची यादी आहे, फोनवर घ्यायला?"

"मग माइक आणा. कुठलाही आणा."

'कुठलाही' हा शब्द तक्तेसाहेबांनी उभ्या कारकिर्दीत कुणाकडून ऐकून घेतला नव्हता. त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि कोऱ्या कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. विषय: माइक.

इंटरनेटवर माइकवाल्यांचा एक गट होता. त्यात हजारो सभासद होते आणि त्यांतला एकही गाताना कुणी ऐकला नव्हता. तक्तेसाहेबांनी तिथे विनम्रपणे विचारणा केली. उत्तरं तुटून पडल्यासारखी आली. त्या गदारोळातून एवढं निश्चित झालं, की घर रस्त्याला लागून आहे, शेजारी भिंतीला भोकं पाडायचं काम चालू आहे, तेव्हा माइक डायनॅमिक जातीचाच हवा. हा माइक तोंडाजवळचं तेवढं नीट ऐकतो आणि लांबचं सोडून देतो. म्हणजे नवऱ्याच्या बरोबर उलट, असं वहिनी म्हणाल्या.

त्यात तक्तेसाहेबांनी एक दूरदृष्टीची अट घातली. ऑपरेशननंतर वहिनी पुन्हा सभागृहात गाणारच, अशी त्यांची खात्री होती. मग घरातलं ध्वनिमुद्रण आणि सभागृहातलं प्रत्यक्ष गायन, या दोहोंना चालेल असा एकच माइक निवडणं शहाणपणाचं होतं. एका वस्तूचे दोन उपयोग दाखवले की मंजुरी लवकर मिळते, हा त्यांचा अनुभव होता. इथे मंजुरी देणारे तेच होते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही.

वहिनींचा धाकटा भाऊ समारंभांना स्पीकर भाड्याने देत असे. त्याला बोलावणं धाडलं. तो एका पिशवीत तीन माइक घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले.

"हा काळ्या," त्याने माइकवाल्यांत रूढ असलेल्या टोपणनावाने ओळख करून दिली. "स्टेजवरचा पैलवान. मी याने खिळा ठोकलाय भाऊजी, आणि त्याच खिळ्याला याला टांगलाय. हा करड्या. याचा आवाज स्वच्छ, आणि स्पीकरसमोर धरला तरी शीळ घालत नाही. आणि हा लठ्ठ्या. रेडिओवर बोलणाऱ्यांचा. आवाज एकदम मखमली, पण मुलखाचा आळशी. याच्यापुढे कितीही ओरडा, पलीकडे कुजबुज पोचते. याला वेगळा बूस्टर लागतो."

"यातला चांगला कुठला?" तक्तेसाहेबांनी पेन उघडलं.

"तिन्ही चांगले."

"हा शेरा मला तक्त्यात लिहिता येणार नाही."

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "तिन्ही घरात आलेच आहेत ना? मग द्या इकडे एक. गाते आणि संपवून टाकते. अहो, पंधरा मिनिटांचंही काम नाही हे."

"असं कसं?" तक्तेसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "नमुन्याची तपासणी झाल्याशिवाय माल वापरात घेता येत नाही. आधी नमुना. नमुना म्हणून फक्त पहिली ओळ गा. तिन्हींवर तीच ओळ, त्याच पट्टीत, त्याच जोरात, सारख्याच अंतरावरून. म्हणजे कुणावर अन्याय नको."

"कुणावर म्हणजे? माइकवर?"

"हो."

वहिनींनी भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं. मग वहिनी खुर्चीवर बसल्या, कारण इतक्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती, की या माणसाचा तक्ता भरेपर्यंत त्याला काही ऐकू येत नाही.

तपासणी सुरू झाली. पंखा बंद करण्यात आला. घड्याळाची टिकटिक येते म्हणून घड्याळ कपाटात चादरींखाली गेलं. फ्रीज गुणगुणतो म्हणून त्याचा प्लग काढण्यात आला आणि तो परत लावायचं राहून गेल्यामुळे दूध नासलं. तक्तेसाहेब हातात फूटपट्टी घेऊन वहिनींच्या ओठांपासून माइकच्या जाळीपर्यंतचं अंतर मोजत. वहिनी गाताना सवयीने मान हलवत, आणि मान हलली की अंतर बदले. "गाताना हलू नका," असं त्यांना सांगण्यात आलं. न हलता त्या गायल्या. ऐकून भाऊ म्हणाला, "ताई, स्टेशनावरची सूचना वाटतेय."

मग काळ्यावर एक दोष उघडकीस आला. 'पायरीवर' म्हणताना पहिलाच 'पा' माइकवर आदळे आणि उशी आपटल्यासारखा आवाज येई. करड्यावर तो थोडा कमी आपटे. लठ्ठ्यावर कळायला मार्ग नव्हता, कारण बूस्टर यायचा होता. गटावर विचारणा केली तेव्हा कुणी स्पंज लावा म्हणालं, कुणी माइक जरा तिरका धरा म्हणालं. तक्तेसाहेबांनी दोन्ही सूचना नोंदवून घेतल्या आणि मुळावर घाव घालणारी तिसरी स्वतः मांडली.

"शब्दच बदलला तर? पायरीवरच्या ऐवजी जिन्यावर. 'जिन्यावर ऊन आलं, तू अजून नीज गं.' अर्थ तोच राहतो, आणि 'प' पण टळतो."

"माझ्या आईच्या घराला जिना नव्हता," वहिनी म्हणाल्या. त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की सूचना तक्त्यातून वगळण्यात आली.

बूस्टर आला. त्याच्यासोबत एक लोखंडी हात आला, कारण लठ्ठ्याला साध्या स्टँडवर बसणं कमीपणाचं वाटे. तो हात टेबलाला लावला तेव्हा टेबलच कलंडलं, म्हणून मग टेबलाची चौकशी सुरू झाली. मधल्या काळात गटावरच्या एका जाणत्या सभासदाने बजावलं, की बंद खोलीतली तुलना म्हणजे अर्धीच तुलना. गर्दीत, स्पीकरसमोर घेतल्याशिवाय प्रत्यक्ष गायनाचा रकाना भरणं हा अप्रामाणिकपणा ठरेल. अप्रामाणिकपणाचा आरोप तक्तेसाहेबांवर आजवर झाला नव्हता. पुढच्या शनिवारी तिन्ही माइक सभागृहात गेले.

गटातली मंडळी वहिनींना ऐकायला उत्सुक होती. ऑपरेशनचं सगळ्यांना माहीत होतं. काही जण तर त्यासाठीच मुद्दाम आले होते, आणि एक आजोबा नातवाचा हात धरून चालत येऊन पहिल्या रांगेत बसले होते. वहिनींनी काळ्यावर पहिली ओळ म्हटली. सभागृह निःशब्द झालं. दुसरी ओळ येणार, एवढ्यात तक्तेसाहेबांनी हात वर केला. करड्यावर पहिली ओळ झाली आणि पुन्हा हात वर गेला. लठ्ठ्याचा बूस्टर चढवला तेव्हा स्पीकरने अशी किंकाळी फोडली, की आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

"उरलेलं गाणं?" ते मोठ्याने म्हणाले.

"निर्णय झाल्यावर," तक्तेसाहेबांनी त्यांना आश्वस्त केलं.

असे दिवस चालले. मुलगी फोन करी. "झालं का?" "कार्यवाही सुरू आहे." "मी येऊ का? मी फोनवर घेते." "तू कशाला रजा वाया घालवतेस? शेवटच्या टप्प्यात आहे सगळं." वहिनींचा गळा ती एक ओळ म्हणून म्हणून दुखायला लागला. भाजी चिरतानासुद्धा त्यांच्या तोंडून 'पायरीवर ऊन आलं' एवढं येई, आणि त्या आपोआप थांबत.

शेवटी दवाखान्यात दाखल व्हायचा दिवस उजाडला. दुपारी निघायचं होतं. बॅग दाराशी तयार होती. तक्तेसाहेब म्हणाले, "आजच्या कोरड्या हवेत एकदा शेवटचं काळ्यावर घेऊ, आधीचा नमुना दमट हवेतला आहे." वहिनी बसल्या. त्यांनी फूटपट्टी बाजूला सारली, डोळे मिटले आणि गायला लागल्या. पहिली ओळ संपली. तक्तेसाहेबांचा हात वर गेला, पण डोळे मिटलेल्या माणसाला हात दिसत नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. फ्रीज चालू होता, शेजारी भोकं पाडणारा जेवायला गेला होता. वहिनी मान हलवत होत्या, कधी माइकच्या जवळ येत होत्या, कधी लांब जात होत्या. चौथ्या कडव्यात तो सूर वर गेला, आणि तक्तेसाहेबांचा वर केलेला हात हळूहळू स्वतःच्या तोंडावर आला. ते रडत होते. इतकं सुंदर त्यांनी त्या आवाजातही कधी ऐकलं नव्हतं.

"झालं एकदाचं," वहिनी डोळे उघडून म्हणाल्या. "आलं ना सगळं?"

"आलं, सगळं आलं." त्यांनी मुलीला लगेच फोन लावून तेच सांगितलं. गोष्ट इथे संपायला काहीच हरकत नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. तक्तेसाहेब तिथे एकटे बसले. त्यांना भीती वाटत होती. भीती वाटली की माणूस आपल्याला जे येतं ते करायला लागतो. कुणी जप करतो, कुणी नखं खातो. तक्तेसाहेबांनी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तक्ता पूर्ण करायला घेतला.

तिथे त्यांच्या लक्षात एक गंभीर विसंगती आली. करड्याचा नमुना एका ओळीचा होता. लठ्ठ्याचा नमुना एका ओळीचा होता. काळ्याचा नमुना मात्र अख्ख्या गाण्याचा. अशा स्थितीत काळ्याला झुकतं माप मिळत होतं हे उघड होतं, कारण चौथं कडवं ऐकल्यावर कुठलाही परीक्षक काळ्यालाच पसंती देईल. त्यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिला, आणि त्यांचीही पसंती काळ्यालाच गेली. हा पक्षपात होता. सगळे नमुने समान असले पाहिजेत. त्यांनी काळ्याची फाइल उघडली, पहिल्या ओळीच्या शेवटी काळजीपूर्वक खूण केली आणि पुढचा भाग छाटून टाकला. मग जुनी आणि नवी फाइल अशा दोन प्रती राहिल्या तर पुढे घोळ होतो, या नियमाला अनुसरून जुनी प्रत नष्ट केली. अर्धवट काम त्यांना आवडत नसे, म्हणून लॅपटॉपची कचरापेटीही रिकामी केली. हाताला काम मिळाल्यामुळे त्यांना बरंच हलकं वाटलं.

ऑपरेशन उत्तम झालं. गाठ साधीच निघाली. वहिनी घरी आल्या, बोलायला लागल्या, भांडायलाही लागल्या. आवाज मात्र खाली उतरला होता, जाड आणि खरखरीत. वरचा सूर घ्यायला गेल्या की नुसती हवा येई. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की हे आता असंच राहील.

मुलगी रजा घेऊन आली. चहा झाला. "बाबा, लावा ना ते गाणं," ती म्हणाली.

तक्तेसाहेबांनी मोठे स्पीकर जोडले. 'पायरीवर ऊन आलं, तू अजून नीज गं.' स्वच्छ, भरदार, 'प' जरा आपटलेला. मग शांतता.

"पुढे?"

त्यांनी दुसरी फाइल लावली. तीच ओळ आली, 'प' जरा सौम्य. तिसरी फाइल लावली. तीच ओळ, मखमली.

"बाबा, पुढचं गाणं कुठंय?"

"पुढचं..." तक्तेसाहेबांनी चष्मा काढला. "करड्यावर आणि लठ्ठ्यावर एकेकच ओळ होती गं. एकट्या काळ्यावर सगळं होतं. मग तुलना कशी करणार?"

हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकेपर्यंत त्यांना त्यात काही चूक दिसली नव्हती. ते ऐकल्यावर त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तक्त्याची लाज वाटली. मुलगी आईकडे बघत राहिली. वहिनींना हसू आलं. त्या नव्या, घोगऱ्या आवाजात बराच वेळ हसल्या.

"एक बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता कुठलाही माइक चालेल."

मुलीने फोन काढला, टेबलावर चहाच्या कपाला टेकवून ठेवला आणि बटण दाबलं. "आई, म्हण." वहिनींनी पट्टी पार खाली घेतली आणि त्या आवाजात गाणं म्हटलं, चारही कडवी. वरचा सूर आला तिथे त्यांनी नुसता श्वास सोडला आणि पुढे गेल्या. त्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रीज ऐकू येतो, शेजारची भोकं ऐकू येतात, आणि शेवटी शेवटी एक पुरुषमाणूस नाक ओढताना ऐकू येतो.

तक्तेसाहेबांनी ते रेकॉर्डिंग, कुठेही न छाटता, माइकवाल्यांच्या गटावर टाकलं. खाली फक्त एवढं लिहिलं: 'माझी बायको गाते आहे.' आपल्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. उत्तरं तुटून पडल्यासारखी आली. 'खालचे सूर काय भरीव आलेत! लठ्ठ्या दिसतोय.' 'छे, ही खरखर काळ्याचीच.' 'बूस्टर कुठला?' 'गाणं बाजूला राहू द्या, आधी माइकचं नाव सांगा.'

ती चर्चा अजून चालू आहे, आणि तीत भर घालायला जागा आहे. तिघांतला घरच्या रेकॉर्डिंगला आणि स्टेजला असा दोन्हीकडे चालेल तो नेमका कोणता, हे शेवटपर्यंत सांगितलंच नाही म्हणून आपण जरा नाराज झाला असाल, तर गटात आपलं स्वागत आहे. फक्त येण्यापूर्वी एकदा आतल्या खोलीत कोण गुणगुणतंय ते पाहून या.